मूग नव्हे, मोग!

गॅदरिंगच्या चार दिवस आधी आमच्या म्युझिक क्लबचा जुना सिंथेसायझर ऑन केला आणि सगळे आवाज गायब! आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. आधीच्या बॅचेसनी रात्र रात्र जागून बनवलेले 'पॅच' गेले ते गेलेच. कॉपी कोणीच ठेवली नव्हती, त्यात मीही आलो. मग प्रश्न पडला, आवाजाला पॅच का म्हणतात? शोधता शोधता रॉबर्ट मोग सापडला. (आम्ही सगळे मूग म्हणायचो. खरा उच्चार मोग.)

जन्म २३ मे १९३४, न्यूयॉर्क. वडील इंजिनीअर. आईची इच्छा, पोराने पियानो शिकावा. पोराचा जीव सोल्डरिंगमध्ये. शाळेत असतानाच त्याने थेरेमिन बनवलं, म्हणजे हात न लावता, नुसते हवेत हलवून वाजवायचं वाद्य. पुढे थेरेमिनची किट्स विकतच तो शिकला. १९५७ मध्ये कोलंबियातून इलेक्ट्रिकल, मग कॉर्नेलला, आणि पीएच.डी. मिळाली १९६५ मध्ये. एटीकेटीवाल्यांनो, धीर धरा!

१९६४ मध्ये हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसून त्याने सिंथेसायझरचे पहिले मोड्यूल्स बनवले. ऑसिलेटर वेगळा, फिल्टर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, आणि सगळ्यांवर व्होल्टेजचा कंट्रोल. एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर. हे डबे एकमेकांना जोडायच्या वायरी म्हणजे पॅच कॉर्ड. त्यावरून आवाजाचंच नाव पॅच पडलं. पण वायरी उपसल्या की आवाज संपला! पुन्हा हवा असेल तर जोडणी कागदावर काढून ठेवा. १९६८ मध्ये वेंडी कार्लोसने याच मशीनवर बाखचं संगीत टेपवर तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड केलं, कारण एका वेळी एकच सूर वाजायचा. त्या रेकॉर्डने मोगचं नाव जगभर नेलं. १९७० च्या मिनीमूगमध्ये, सॉरी, मिनीमोगमध्ये वायरी गेल्या, पण मेमरी नव्हतीच. नॉब कुठे फिरवला होता ते कागदावरच. मेमरीवाला प्रॉफेट-५ डेव्ह स्मिथने आणला, १९७८ मध्ये.

मोगचा हिशोब मात्र कच्चा. कंपनी कर्जात गेली, १९७१ मध्ये विकली. १९७७ मध्ये तो स्वतःही बाहेर पडला, आणि नाव कंपनीकडेच राहिलं. नॉर्थ कॅरोलिनात 'बिग ब्रायर' या नावाने त्याने पुन्हा थेरेमिन बनवायला घेतले. स्वतःचंच आडनाव परत मिळायला २००२ उजाडलं! २१ ऑगस्ट २००५ रोजी ब्रेन ट्यूमरने तो गेला, वय ७१.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील असं 'मिडी' येतंय, हे १९८२ मध्ये 'कीबोर्ड' मासिकातून मोगनेच जाहीर केलं होतं. त्याच मिडीतल्या 'सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह' मेसेजमधून सिंथची मेमरी बाहेर काढता येते. यामाहा डीएक्स-७ चे ३२ आवाज म्हणजे फक्त ४१०४ बाइट! लिनक्सवर 'एमिडी' हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम रिसीव्ह मोडमध्ये लावायचा, सिंथच्या मेनूतून डंप पाठवायचा, फाइल तयार. परत भरताना सिंथचं मेमरी प्रोटेक्ट आधी ऑफ करा, नाहीतर फाइल जाते आणि आत काहीच लिहिलं जात नाही. (माझा एक तास यातच गेला.)

क्लबच्या दुसऱ्या सिंथची बॅटरी अजून जिवंत आहे. त्याचा डंप घेतलाय, हॉस्टेलच्या तीन पीसींवर ठेवलाय. हवा असेल त्याने पेन ड्राइव्ह घेऊन यावं, जेवणानंतर.