रुझवेल्टना जे मिळालं नाही, ते मुंबईच्या डॉक्टरांनी दाखवलं: डॉ. रुस्तम वकील

12 एप्रिल 1945. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट ब्रेन हॅमरेजने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी 300/190 च्या घरात होतं. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडेही बीपीवर भरवशाची गोळी नव्हती.

त्याच काळात मुंबईत एक पारशी डॉक्टर आपल्या पेशंटना सर्पगंधाच्या मुळीच्या गोळ्या देत होते. नाव रुस्तम जाल वकील. जन्म 1911 चा, मुंबईचा. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनमध्ये झालं आणि परत येऊन ते केईएममध्ये काम करू लागले.

सर्पगंधा त्यांनी शोधली नाही, हे आधीच सांगायला हवं. आयुर्वेदात ती जुनीच. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तर 1931 मध्येच तिचा बीपीवरचा परिणाम लिहून ठेवला होता. पण बाहेरच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही. वकिलांनी 50 पेशंट घेतले, त्यांचं बीपी नीट मोजलं, नोंदवलं आणि 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. वय फक्त 38.

तो लेख बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि त्यांनीही हे औषध पेशंटना देऊन पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या.

हे औषध करतं काय? मज्जातंतूंच्या टोकाशी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा साठा असतो. रेसर्पिन तो रिकामा करतं. वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. गंमत म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सनाही ते सोडत नाही. त्यांनी साठवलेलं सेरोटोनिनही संपतं.

पण हीच रसायनं मेंदूतही असतात. नाक चोंदणं ठीक, पण काही पेशंट खोल नैराश्यात गेल्याचं डॉक्टर सांगू लागले. पुढे डोस कमी झाला आणि जोडीला लघवी वाढवणारी थायाझाइड औषधं आली. त्यांनी बीपी आणखी उतरलं, पण रक्तातलं युरिक ॲसिड वाढायचं आणि काहींचे सांधे ठणकायचे.

वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण. 1974 मध्ये ते गेले. तोवर नवी औषधं येऊन रेसर्पिन मागे पडू लागलं होतं.