कानिफनाथ

कानिफनाथ हे नाथ संप्रदायातील नवनाथांपैकी एक सिद्ध असून जालंदरनाथांचे शिष्य होत. कान्होबा, कानिपा, कान्हपा, कृष्णपाद, कर्णकानिफ अशा अनेक नावांनी ते ओळखले जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी या गावी त्यांची समाधी आहे. नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या आग्नेयेस पसरलेल्या गर्भगिरीच्या डोंगररांगेत हे स्थान असून फाल्गुन महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते.

चरित्राची साधने

कानिफनाथांचे समकालीन चरित्र उपलब्ध नाही. महाराष्ट्रात प्रचलित असलेली त्यांची जीवनकथा मुख्यतः धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ४० अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथावर आधारलेली आहे. हा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे इ.स. १८१९ मध्ये पूर्ण झाला. कानिफनाथांच्या काळापासून तो कित्येक शतके दूर आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरे साधन बंगालमधील नाथगीते व चर्यापदे यांचे, तर तिसरे मढीच्या स्थानिक परंपरेचे. या तिन्हींतून उभे राहणारे कानिफनाथ एकसारखे नाहीत. मात्र जालंदरांचे शिष्यत्व मराठी कथेत आणि बंगाली परंपरेत सारखेच आढळते.

जन्मकथा व दीक्षा

भागवत पुराणातील नऊ नारायणांनी कलियुगात नवनाथांच्या रूपाने अवतार घेतला, अशी नाथपंथीयांची श्रद्धा आहे. त्यांपैकी प्रबुद्ध नारायण म्हणजे कानिफनाथ. हिमालयातील एका हत्तीच्या कानातून ते प्रकट झाले, अशी कथा असून कर्णकानिफ हे नाव तिच्याशी जोडले जाते. अग्नीच्या साहाय्याने जालंदरनाथांनी त्यांचा शोध घेतला, त्यांना दीक्षा दिली आणि बदरिकाश्रमात त्यांच्याकडून तपश्चर्या करवून घेतली. मंत्रविद्या व अस्त्रविद्या संपादन करून कानिफनाथ ७०० शिष्यांसह तीर्थाटनास निघाले. हत्ती, पालख्या, छत्रचामरे असा त्यांचा थाट ग्रंथकाराने रंगवला आहे. एकट्याने फिरणाऱ्या गोरक्षनाथांच्या तुलनेत हे वैभव उठून दिसते, आणि पुढच्या प्रसंगाचे बीज त्यातच आहे.

गोरक्षनाथांची भेट

स्त्रीराज्यात कानिफनाथांची मच्छिंद्रनाथांशी भेट झाली. तेथून परतताना त्यांचा मुक्काम एका आमराईजवळ पडला. तेथे गोरक्षनाथही आले होते. कानिफनाथांनी मंत्रसामर्थ्याने झाडांवरील पिकलेले आंबे खाली उतरवले व पाहुण्याचा सत्कार केला. खाऊन उरलेले आंबे गोरक्षनाथांनी पुन्हा ज्याच्या त्याच्या देठाला नेऊन चिकटवले. फळे पाडणे कानिफनाथांना साधत होते. पुन्हा झाडाला लावणे साधत नव्हते. यावरून वाद पेटला व दोघांनी एकमेकांच्या गुरूंचे उणे काढले. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्याच्या राणीपाशी गुंतून पडल्याचे कानिफनाथांनी सुनावले. जालंदरनाथ हेलापट्टणात घोड्यांच्या लिदीने भरलेल्या खड्ड्यात पुरलेले आहेत, हे गोरक्षनाथांनी सांगितले. आपला गुरू कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. भांडणातून ते कळले. दोघे आपापल्या गुरूच्या सुटकेसाठी निघाले. बंगालच्या ‘गोरक्षविजय’ काव्यातही या दोघांची अशीच भेट वर्णिलेली आहे, त्यावरून ही कथा फार जुनी असावी.

गुरूची सुटका

हेलापट्टणाचा राजा गोपीचंद याची आई मैनावती जालंदरनाथांची शिष्या होती. मुलानेही नाथदीक्षा घ्यावी, अशी तिची इच्छा होती. राण्यांच्या चिथावणीने गोपीचंदाच्या मनात विकल्प आला आणि त्याने जालंदरनाथांना खड्ड्यात पुरले. कानिफनाथ तेथे पोहोचले तेव्हा त्यांच्यापुढे पेच होता. गुरूला बाहेर काढले तर त्याच्या क्रोधाने राजा भस्म होईल. न काढले तर गुरुद्रोह घडेल. त्यांनी सोने, रुपे, तांबे, पितळ व लोखंड यांचे राजाएवढे पाच पुतळे करवून घेतले. खड्डा उकरताना आतून कोण आहे अशी पृच्छा झाली की राजाचे नाव सांगायचे आणि त्याच्या जागी पुतळा उभा करायचा, असा क्रम ठरला. पाचही पुतळे एकामागून एक जळून गेले. इतके होऊनही राजा जिवंत आहे हे पाहून जालंदरनाथ प्रसन्न झाले. त्यांनी गोपीचंदाला दीक्षा व चिरंजीवित्व दिले. नवनाथांच्या कथांत चमत्कारांना तोटा नाही. परंतु गुरूचा कोप आणि अपराध्याचे प्राण या दोहोंची काळजी वाहणारा हा शिष्य त्यांत वेगळा वाटतो.

गोपीचंदाची कथा बंगालमध्ये गीतरूपाने प्रचलित होती. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८७८ मध्ये ‘माणिकचंद्र राजाचे गीत’ प्रसिद्ध केले. तेथे मैनावतीचे नाव मयनामती, तर जालंदरांचे हाडिपा असे आहे. आजच्या बांगलादेशातील कोमिल्लाजवळची मैनामती टेकड्यांची रांग याच राणीच्या नावाने ओळखली जाते.

चर्यापदांतील कान्हपा

हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळच्या दरबार ग्रंथालयात चर्यापदांचे हस्तलिखित सापडले. ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बौद्ध सहजयानी सिद्धांच्या या गीतसंग्रहात सर्वाधिक पदे कान्हपाद या कवीची आहेत. एका पदात तो जालंधरीपादांना साक्षी ठेवतो. तो स्वतःला कापालिक म्हणवतो आणि गावाबाहेर राहणाऱ्या डोंबीला उद्देशून गातो. मराठी कथेतील राजवैभवी कानिफनाथ आणि हा अंगाला अस्थी ल्यालेला कवी यांच्यात बरेच अंतर आहे. कृष्णाचार्य किंवा कान्ह या नावाचे एकाहून अधिक सिद्ध होऊन गेल्याचे अभ्यासक मानतात. तरीही गुरूचे नाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे कानिफनाथांच्या चरित्रात या पदांचा विचार टाळता येत नाही.

गर्भगिरीतील वास्तव्य व समाधी

अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांत पसरलेल्या गर्भगिरीच्या रांगेत नाथांची अनेक स्थाने आहेत. सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची, येवलवाडीस जालंदरनाथांची, तर चिंचोली येथे गहिनीनाथांची समाधी मानली जाते. घाटशिरस येथील वृद्धेश्वर आणि मांजरसुंब्याचा गोरक्षनाथ गड हीही याच परंपरेतील स्थाने. भक्तांच्या श्रद्धेनुसार कानिफनाथांनी मढी येथे फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीला समाधी घेतली. त्यांची शिष्या डालीबाई हिची समाधीही मढीलाच दाखवतात. तेथील डाळिंबाच्या झाडाला भाविक नवसाचा धागा बांधतात. रायगड पडल्यावर, १६८९ मध्ये, शाहू महाराज व येसूबाई मोगलांच्या कैदेत गेले. पुत्राच्या सुटकेसाठी येसूबाईंनी कान्होबाला नवस केला आणि १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाल्यावर तो फेडण्यासाठी मढी येथे बांधकाम झाले, असे परंपरा सांगते.

मढीचे दोन वारसे

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अहमदनगर खंडात (१८८४) या स्थानाची नोंद आहे. मुसलमान भाविक ज्यांना शाह रमजान माही सवार म्हणत, त्यांनाच हिंदू कान्होबा म्हणत. एकाच समाधीला दोन्ही समाज नवस बोलत. ‘नवनाथ भक्तिसार’लाही याची जाणीव होती. औरंगजेबाच्या चौकशीनंतर नाथांच्या समाध्यांना पीरांची नावे पडली, असा खुलासा त्याच्या शेवटच्या अध्यायात येतो. हा खुलासा इतिहास म्हणून स्वीकारणे कठीण आहे. मात्र १८१९ मध्येच अशा खुलाशाची गरज भासत होती, हे त्यावरून निश्चित होते. विसाव्या शतकात देवस्थानाच्या मालकी व व्यवस्थेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांनी २००२ मधील एका लेखात मढीची तुलना बाल्कन प्रदेशातील सामायिक धर्मस्थळांशी केली आहे. एका जागी सोबत उपासना चालली म्हणजे सलोखा असतोच असे नव्हे, त्यात स्पर्धाही असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०२५ च्या यात्रेपूर्वी मुस्लिम व्यापाऱ्यांना मनाई करणारा ग्रामसभेचा ठराव वादग्रस्त ठरला.

भटक्यांचे दैवत

मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. गडाच्या बांधकामासाठी अवजड दगड गोपाळ समाजाने वाहून आणले, अशी आख्यायिका असून मढीच्या होळीचा मान त्या समाजाकडे आहे. यात्राकाळात ग्रामस्थ तळलेले पदार्थ, पलंग-गादी व लग्नकार्ये वर्ज्य करतात. पैठणहून कावडीने गोदावरीचे पाणी येते. रेवडी हा येथील प्रसाद होय. रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. वैदू, गोपाळ इत्यादी जमातींच्या जातपंचायतीही पूर्वी येथेच बसत आणि लग्न, काडीमोड, देणीघेणी यांचे निवाडे देत. वर्षभर विखुरलेल्या लोकांना एकत्र येण्याचे हे एक ठिकाण होते. त्याबरोबरच बहिष्कार व जबर दंड यांच्या शिक्षाही येथेच सुनावल्या जात आणि त्यांची झळ प्रामुख्याने स्त्रियांना बसे. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. राजस्थानातील कालबेलिया ही गारुड्यांची भटकी जमातही आपली परंपरा जालंदरनाथांचे शिष्य कानिपा यांच्यापासून सांगते.