वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे

अमेरिकेंतील वसाहतींची हकीकत आम्हीं इतिहासांत वाचतों. तेथील लोक आरंभीं इंग्लंडच्या राजाचे एकनिष्ठ प्रजाजन होते. पार्लमेंटांत आपला प्रतिनिधि नसतां आपणांवर कर बसविले जातात, हें त्यांचें मुख्य गाऱ्हाणें. 1775 सालीं राजानें त्यांचा विनंतिअर्ज नाकारला. 1776 सालीं त्यांनीं स्वातंत्र्य जाहीर केलें. राजनिष्ठ मनुष्य स्वराज्यवादी कसा होतो, हें पाहण्यास मात्र समुद्रापलीकडे जाण्याचें कारण नाहीं. अमरावतीचे कै. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचें चरित्र त्यास पुरेसें आहे.

दादासाहेबांचा जन्म 1854 सालचा. त्याच्या आदल्याच वर्षीं निजामानें तहान्वयें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला होता. मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजांचा. अमरावती-अकोल्याच्या रयतेस कोणीं विचारलें नाहीं. पुढें 1902 सालीं वार्षिक 25 लक्ष रुपयांच्या ठरावानें हा प्रांत कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला, तेव्हांही विचारलें नाहीं.

मुंबईस बी. ए. व एलएल. बी. होऊन दादासाहेब 1885 सालीं सरकारी नोकरींत शिरले. 1890 सालीं ती सोडून त्यांनीं अमरावतीस वकिली मांडली. कायद्याचें सूक्ष्म ज्ञान, संस्कृताचा व्यासंग, खुमासदार वक्तृत्व आणि सढळ हात यांमुळें लोक त्यांस वऱ्हाडचे नबाब म्हणूं लागले. अशा सुखवस्तु गृहस्थास राज्यकर्त्यांचा रोष ओढवून घेण्याची काय गरज होती?

1897 सालीं राष्ट्रसभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. लोकमान्य टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगांत होते. स्वागताध्यक्षपद दादासाहेबांनीं स्वीकारलें. 1907 सालीं सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली, तेव्हां ते टिळकांच्या बाजूस राहिले. 1908 सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. चालती वकिली टाकून दादासाहेब विलायतेस गेले व टिळकांच्या सुटकेसाठीं तेथें सुमारें दोन वर्षें खटपट करीत राहिले. प्रिव्ही कौन्सिलनें दाद दिली नाहीं. 1910 सालीं परत येतांना ब्रह्मदेशांत उतरून मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं आपल्या मित्राची भेट घेतली.

आम्हांस वाटतें, या खेपेचें मोल यशापयशानें करूं नये. ज्या कायद्याच्या अभ्यासांत आयुष्य घालविलें, त्याच्याच सर्वोच्च दारीं ते गेले आणि रित्या हातांनीं परतले. दुसऱ्यानें केलेला कायदा कितीही चांगला असला, तरी तो राबविणारे हात आपले नसतील तर न्यायाची शाश्वति नाहीं, हा धडा त्यांत होता. 1916 सालीं टिळकांनीं होमरूल लीग स्थापिली, तेव्हां दादासाहेबांनीं तिचें कार्य हिरीरीनें केलें.

1920 सालीं टिळक निवर्तले. असहकारितेचा मार्ग दादासाहेबांस पटला नाहीं. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें गेले आणि नव्या पिढीपासून दुरावले. हा मतभेद आम्हीं झांकून ठेवीत नाहीं. लोकप्रियता ओसरत असतांही त्यांनीं आपलें मत सोडलें नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.

1 जुलै 1938 रोजीं त्यांचें देहावसान झालें. स्वातंत्र्याचा दिवस त्यानंतर नऊ वर्षांनीं उगवला. विद्यार्थिमित्रहो, आज मतदान करणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्यास त्याचें मत विचारलें जातें. हें विचारलें जावें म्हणून ज्यांनीं घरचें सुख बाजूस ठेवलें, त्यांत आपल्या गांवचे हे वकील होते.