मांद्र्याचे धन्वंतरी : डॉ. भाऊ दाजी लाड

पेडणे तालुक्यातील मांद्रे गाव आज समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाते. पण याच गावाने मुंबईला एक थोर डॉक्टर दिला, हे आम्हाला नव्या पिढीला आवर्जून सांगावेसे वाटते.

रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी यांचा जन्म १८२२ साली मांद्रे येथे झाला. बालपणीच ते मुंबईस गेले. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सुचविले, असे सांगतात. एल्फिन्स्टननंतर ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ साली तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळात भाऊंनी या रोगावर औषध शोधण्याचा ध्यास घेतला. हा रोग कातडीइतकाच नसांवर घाला घालतो. चेहरा हलविणारी नस कानाच्या हाडातून वाट काढत पाळीखाली बाहेर येते आणि गालावर पसरते. कानाचे ऑपरेशन करताना सर्जन आतली इवली हाडे व अर्धवर्तुळाकार नळी यांच्या खुणेने तिला जपतात. महारोगात तिची गालावरची फांदी निकामी झाली, तर पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि दृष्टी जाऊ शकते.

भाऊंनी आपल्याकडच्या कडू कवठीच्या तेलाचा उपयोग रोग्यांवर करून पाहिला. औषध गुप्त ठेवल्याची टीकाही त्यांच्यावर झाली. पण त्याच जातीची तेले पुढे जगभर या रोगावर वापरली गेली. हान्सेनने रोगजंतू शोधला १८७३ साली. पुढच्याच वर्षी, ३१ मे १८७४ रोजी, भाऊ निवर्तले.

शिलालेखांचे अभ्यासक आणि मुंबईचे शेरीफ म्हणूनही ते गाजले. १९७५ पासून भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय त्यांचेच नाव मिरविते.

आज महारोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र गेलेली नस परत येईलच असे नाही. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला किंवा डोळा नीट मिटेनासा झाला, तर लाज न धरता डॉक्टरांकडे जावे. पेडणे-डिचोलीच्या घराघरांत एवढे पोहोचले, तर भाऊंचे स्मरण सार्थकी लागेल, असे आम्ही मानतो.

गणपती बाप्पा मोरया!