हारिसाचे पुत्र जैद (रजि.)

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांचे नाव आपण अनेकदा ऐकले असेल. सहाबांपैकी केवळ त्यांचेच नाव पवित्र कुरआनात आले आहे. आज मात्र त्यांच्या पित्याकडेही थोडे पाहा.

जैद कल्ब कबिल्याचे. लहान वयात ते आई सुअदा हिच्यासोबत आजोळी गेले असता त्या वस्तीवर घोडेस्वारांची धाड पडली आणि मूल पळवले गेले. उकाजच्या बाजारात ते गुलाम म्हणून विकले गेले. हकीम बिन हिजाम यांनी त्यांना आपली आत्या हजरत खदीजा (रजि.) यांच्यासाठी घेतले, आणि विवाहानंतर खदीजांनी (रजि.) ते मूल हजरत मुहम्मद (स.) यांच्या स्वाधीन केले. इकडे हारिसा मुलगा जिवंत आहे की नाही हेही न कळता रानोमाळ भटकत राहिले, त्याच्या विरहात कवने रचीत राहिले.

काही वर्षांनी कल्बच्या यात्रेकरूंनी मक्केत जैदना ओळखले. हारिसा भावाला घेऊन, खंडणीची रक्कम बांधून धावत आले. प्रेषितांनी (स.) मोबदला घेण्याचे नाकारले, निर्णय जैदवरच सोपवला. त्याला जायचे असेल तर मोफत न्यावे, राहायचे असेल तर आपण त्याला दूर लोटणार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि जैदनी राहणे पसंत केले! पित्याला धक्काच बसला. स्वातंत्र्य आणि घरदार सोडून मुलगा गुलामी पत्करतो, याचा त्याला अर्थच लागेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) जैदना काबागृहाजवळ नेऊन सर्वांसमक्ष आपला पुत्र घोषित केले. हे पाहून हारिसा समाधानाने परतले. वाचकहो, इथे आपण बहुधा जैदच्या प्रेमाचेच कौतुक करतो. परंतु इतकी वर्षे शोधलेले मूल सुखात आहे एवढ्यावर रिकाम्या हाताने माघारी जाणारा तो बाप मला कमी थोर वाटत नाही.

पुढे जैदनी अगदी आरंभीच इस्लाम स्वीकारला, ताइफमध्ये दगडांचा वर्षाव होत असता प्रेषितांसमोर (स.) ढाल होऊन तेच उभे राहिले.

मदीनेत सूरह अहजाबची आज्ञा अवतरली, की मानलेल्या पुत्रांना त्यांच्या खऱ्या पित्यांच्या नावाने संबोधावे. जैद बिन मुहम्मद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. रानोमाळ फिरलेल्या त्या पित्याचे नाव त्याला परत मिळाले. आपल्याकडे पोरके मूल सांभाळणारी काही कुटुंबे त्याच्यापासून जन्मदात्यांचे नाव लपवतात. प्रेम कमी पडेल ही भीती असते. जैदच्या बाबतीत नाव बदलले, जिव्हाळा तसूभरही घटला नाही. त्यांचे पुत्र उसामा (रजि.) यांना तर लोक प्रेषितांचा लाडका आणि लाडक्याचा पुत्र म्हणून ओळखत.

हिजरी सन ८ मध्ये (इ. स. ६२९) मुअताच्या मोहिमेवर तीन हजारांच्या सैन्याचे पहिले सेनापती म्हणून जैदच निघाले आणि तेथेच शहीद झाले. वार्ता मदीनेत पोहोचल्यावर प्रेषित (स.) त्यांच्या घरी गेले. जैदची लहानगी मुलगी त्यांना पाहताच रडू लागली आणि तेही हुंदके देऊन रडले. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, हे काय? तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, की ही जिवलगाला जिवलगाची लागलेली ओढ आहे.