लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि शेती-अवजारांच्या कारखानदारीतील आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी वसवली.

सुरुवातीचे जीवन

चित्रकार होण्याच्या इच्छेने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात दाखल झाले. मात्र काही रंग ओळखता येत नसल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडून यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्याने त्यांनी ही नोकरी सोडली. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय त्यांनी त्यापूर्वीच आरंभला होता. कोणतेही यंत्र उलगडून त्याची घडण समजून घेण्याची त्यांची सवय याच काळात पक्की झाली.

लोखंडी नांगर

सायकलींनंतर बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात केली. लाकडी नांगर जमीन उकरत असे, पण खालची माती पलटत नसे. हरळीसारख्या खोल मुळांच्या तणांवर त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. लोखंडी नांगर हे काम करत असला तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या नकारामागे केवळ अंधश्रद्धा होती असे मानणे मात्र अपुरे ठरेल. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करून देई, ओतीव लोखंडाचा भाग मोडला तर तो गावात दुरुस्त होण्यासारखा नव्हता. म्हणून अवजार शेतात टिकणे आणि त्याचे सुटे भाग मिळणे या गोष्टींना त्याच्या किमतीइतकेच महत्त्व होते.

किर्लोस्करवाडीची स्थापना

बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणरावांपुढे व्यवसाय टिकवण्याचाच प्रश्न उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील औंध येथे संस्थानच्या बांधकामाच्या निमित्ताने त्यांचा अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी परिचय झाला होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जागा व कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना व वसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. रात्रीच्या पहाऱ्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमण्याचा त्यांचा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. मालमत्तेच्या रक्षणाची जबाबदारी अशा लोकांवर सोपवण्यास दुसरा कारखानदार सहसा धजला नसता.

पहिल्या महायुद्धाचा काळ

युद्धामुळे लोखंड, कोळसा व रंग यांची आयात आटली. कारखान्यात दगडी कोळशाऐवजी लाकूड वापरण्याचे आणि रंग स्वतः तयार करण्याचे प्रयोग झाले. या कामी शंभूअण्णा जांभेकर यांची मोठी मदत झाली. लोखंडासाठी लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या महाराजांकडून किल्ल्यांवर निकामी पडलेल्या जुन्या तोफा विकत मागितल्या आणि त्यांचे चांगल्या प्रतीचे लोखंड भट्टीत वितळवून वापरले. एकेकाळी संरक्षणासाठी ओतलेल्या धातूचे असे नांगर झाले.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदवण्यात आली. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले, पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर पोचले. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून परतलेले पुत्र शंतनुराव यांनी व्यवसायाचा विस्तार केला. पाण्याच्या पंपांच्या निर्मितीमुळे किर्लोस्करवाडीचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या विहिरींपर्यंत गेले. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.