हेमिंग्वे आणि डोक्याचा मुका मार

अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या अनेक छायाचित्रांत कपाळावर एक ठसठशीत व्रण दिसतो. मार्च १९२८ मध्ये पॅरिसच्या घरी रात्री फ्लशची साखळी समजून त्याने छतातल्या काचेच्या खिडकीची साखळी ओढली आणि ती जड खिडकी त्याच्या डोक्यावर कोसळली. टाके पडले, जखम भरली, व्रण तेवढा राहिला. लोकांच्या लक्षात राहिला तोही हाच मार, कारण त्याची खूण दिसत होती. प्रत्यक्षात हेमिंग्वेच्या डोक्याला आयुष्यात निदान सात वेळा जोराचा मार बसला. त्यातल्या बहुतेकांची बाहेर फारशी खूण उरली नाही. आत मेंदूत काय चालले होते, हे मात्र त्याच्या आयुष्याचा क्रम पाहिला की बरेचसे उमगते.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ चा, शिकागोजवळच्या ओक पार्क गावातला. वडील डॉक्टर होते, आई संगीत शिकवायची. शिकार, मासेमारी, मुष्टियुद्ध यांची ओढ लहानपणापासूनच. शाळा संपल्यावर काही महिने वार्ताहर म्हणून काम करून तो पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसचा रुग्णवाहिकाचालक म्हणून इटलीला गेला. ८ जुलै १९१८ च्या रात्री पियावे नदीकाठी सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना जवळच तोफगोळा फुटला. तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पायांत २०० हून अधिक बारीक तुकडे घुसले, शुद्ध हरपली. मिलानच्या इस्पितळात पायांवर अनेक महिने उपचार झाले. स्फोटाच्या धक्क्याने मेंदूलाही इजा होते, याची वैद्यकशास्त्राला तेव्हा अंधूकच जाण होती. पायातले तुकडे क्ष-किरणात दिसत होते. मेंदूचा हादरा कशातच दिसत नव्हता.

या हादऱ्याला वैद्यकीय भाषेत कन्कशन म्हणतात. मेंदू हा घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ अवयव आहे. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके जोराने आपटले किंवा एकाएकी झटका बसून फिरले, की कवटी थांबते, पण आतला मेंदू हेलकावतो आणि पिळवटतो. त्यात लाखो मज्जातंतू ताणले जातात. ताणलेल्या तंतूंतून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ही उलथापालथ निस्तरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा ओढाताणीत मेंदू काही दिवस, कधी काही आठवडे काढतो.

म्हणून रुग्णाचे डोके दुखते, गरगरते, मळमळते. उजेड आणि आवाज सहन होत नाहीत. विचार संथ चालतात, झोप बिघडते, चिडचिड होते. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅनही सहसा स्वच्छ येतो, कारण त्यात रक्तस्राव किंवा हाड मोडलेले दिसते, ताणलेले सूक्ष्म तंतू दिसत नाहीत. स्कॅन चांगला म्हणजे काहीच झाले नाही, असा अर्थ काढणे चूक आहे. या काळात मेंदूला दुसरा धक्का बसला, तर तो पहिल्यापेक्षा किती तरी अधिक महागात पडतो.

हेमिंग्वेच्या बाबतीत १९४४ साली नेमके हेच घडले. तोवर तो जगप्रसिद्ध झाला होता. इटलीच्या अनुभवावर आधारलेली ‘ए फेअरवेल टू आर्म्स’ ही कादंबरी १९२९ मध्येच आली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या देण्यासाठी तो लंडनला आला. मे महिन्याच्या अखेरीस एका मेजवानीहून परतताना, हवाई हल्ल्यांमुळे दिवे मालवलेल्या रस्त्यावर त्याची मोटार पाण्याच्या पोलादी टाकीवर आदळली. डोके समोरच्या काचेवर आपटले आणि ५० हून अधिक टाके पडले. विश्रांती घ्या आणि दारू बंद ठेवा, असे सांगण्यात आले. त्याने दोन्ही ऐकले नाही. इस्पितळातल्या खाटेवरही मित्र आणि बाटल्या जमल्या. काही दिवसांतच तो बाहेर पडला आणि ६ जूनला, म्हणजे अपघाताला दोन आठवडेही झाले नसताना, नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या सैनिकी होडीत बसला. डोक्याला अजून पट्टी होती आणि डोकेदुखी थांबलेली नव्हती.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, फ्रान्समध्ये साइडकारच्या मोटारसायकलवरून जाताना समोर जर्मन तोफ दिसली. त्याने रस्त्याकडेच्या चरात उडी घेतली आणि डोके दगडावर आपटले. पहिला हादरा निवला नव्हता, तोच हा दुसरा बसला. एकाच्या जागी दोन दिसू लागले, कानात सतत आवाज येऊ लागला, डोकेदुखी अनेक महिने टिकली. बोलणे आणि लिहिणे मंदावले, आठवण दगा देऊ लागली. ज्याचे पोट शब्दांवर चालते त्याला शब्द सापडेनासे होणे, ही केवढी आपत्ती असेल! तरीही तो युद्धभूमी सोडून गेला नाही आणि पिणेही थांबले नाही. पुढच्याच वर्षी क्यूबात त्याची मोटार ओल्या रस्त्यावर घसरली आणि डोक्याला पुन्हा मार लागला. १ जुलै १९५० रोजी ‘पिलार’ या आपल्या होडीवर पाय घसरून तो पडला. डोक्याला खोल जखम झाली आणि पुन्हा एकदा मेंदूला हादरा बसला.

आश्चर्य वाटेल, पण या साऱ्यानंतरही १९५१ च्या सुरुवातीला, क्यूबातल्या घरी बसून, त्याने अवघ्या काही आठवड्यांत ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ लिहिली. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली ती हीच कादंबरी. तिला १९५३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मेंदूची सावरण्याची ताकद किती मोठी असते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. अपघात झाला की बुद्धी कायमची गेली, असा धसका घेण्याचे कारण नसते. वेळ मिळाला तर मेंदू बहुतेक वेळा सावरतो. हेमिंग्वेने तो वेळ क्वचितच दिला.

जानेवारी १९५४ मध्ये तो पत्नी मेरीसह आफ्रिकेत होता. २३ तारखेला युगांडात मर्चिसन धबधब्याजवळ त्यांचे छोटे विमान तारांना धडकून कोसळले. रात्र रानात काढून दुसऱ्या दिवशी एका बोटीने ते बुटियाबाला पोहोचले. तिथून दुसरे विमान उडू लागले तोच त्याने पेट घेतला. अडकलेले दार हेमिंग्वेने डोक्याने आणि खांद्याने धडका देऊन उघडले. तो मेल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या आणि त्याने त्या स्वतः वाचल्या. यकृत, मूत्रपिंड, पाठीचा मणका यांना इजा झाली होती, अंग भाजले होते आणि डोक्यातून पाण्यासारखा द्रव झिरपत होता. हा द्रव म्हणजे मेंदूभोवतीचे पाणी. ते बाहेर येते म्हणजे कवटीला तडा गेलेला असतो. याला सौम्य इजा म्हणता येत नाही. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर झाले, पण प्रकृतीमुळे तो स्टॉकहोमला जाऊ शकला नाही. त्याचे भाषण तिथल्या अमेरिकन राजदूताने वाचून दाखवले.

त्यानंतरची घसरण हळूहळू झाली. १९५९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने स्पेनमधल्या बैलझुंजींवर १० हजार शब्द मागितले. मजकूर लाखाच्या पुढे गेला आणि मोजके लिहिण्यासाठी नावाजलेल्या या लेखकाला तो कापता येईना. मित्राला मदतीला बोलवावे लागले. काय ठेवावे, काय गाळावे, हा निवाडा करणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे काम आणि हाच भाग वारंवारच्या माराने लवकर दुखावतो. पुढे खिन्नता आली, संशय आला. १९६० च्या अखेरीस आणि पुन्हा १९६१ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये उपचार झाले. त्या दोन मुक्कामांच्या मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी अभिनंदनाच्या चार ओळी लिहायला तो बसला, तर दिवस सरला तरी त्या जुळेनात. २ जुलै १९६१ रोजी, बासष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, त्याने आयुष्य संपवले.

या शेवटाचे खापर एकट्या डोक्याच्या मारावर फोडणे योग्य नाही. त्याच्या वडिलांचा अंतही असाच झाला होता. घराण्यात नैराश्य होते. वर्षानुवर्षांची दारू होती आणि उच्च रक्तदाबही होता. वारंवार मार बसल्याने मेंदूची झीज होते, असे एक दुखणे मुष्टियोद्ध्यांत आणि खेळाडूंत आढळते. त्याचे पक्के निदान मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते, त्यामुळे हेमिंग्वेबद्दल तो तर्कच राहतो. पण बसणारा प्रत्येक मार या बाकीच्या ओझ्यात भर घालत होता, एवढे नक्की म्हणता येते.

त्याच्या हातून जे निसटले ते आज कुणालाही करता येण्यासारखे आहे. डोक्याला मार लागला आणि नंतर थोडा वेळ जरी गोंधळल्यासारखे, गरगरल्यासारखे झाले, तरी खेळ किंवा काम तिथेच थांबवावे. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. रक्त आले नाही किंवा टेंगूळ वर आले, म्हणून मार आत गेला नाही असे समजू नये. पहिले २४ तास कुणी तरी सोबत असावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ, फिट, हातापायातली कमजोरी, एक बाहुली मोठी दिसणे, नाकातून वा कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ ला फोन करावा. वयस्कर व्यक्ती आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी किरकोळ वाटणाऱ्या मारानंतरही तपासून घ्यावे. त्यांच्यात रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी उघड होतो.

धोक्याचे काही नसेल तर पहिले एक-दोन दिवस साधी विश्रांती पुरे. या काळात मोबाइल आणि टीव्ही कमी ठेवावा. तपासणी झालेली असेल तर झोपू द्यावे, झोपेने नुकसान होत नाही. मात्र आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. त्याने बरे होणे लांबते. दोन दिवसांनंतर थोडे चालणे, हलकी कामे, मग अर्धा दिवस शाळा किंवा ऑफिस, असे टप्प्याटप्प्याने वाढवावे. त्रास बराच वाढला तर एक पायरी मागे यावे. मुलांनी आधी शाळेत रुळावे, खेळ त्यानंतर. पूर्ण बरे होईपर्यंत दारू वर्ज्य, आणि भोवळ किंवा गोंधळ असेल तर गाडी चालवू नये. डोकेदुखीसाठी वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत आणि मुले महिनाभरात बरी होतात. त्रास महिन्यापलीकडे राहिला तर तो मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नये. मानेचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, डोकेदुखीचे औषध, झोपेची घडी बसवणे, यांनी तो आटोक्यात येतो. स्वभाव बदलला, उदासी घेरू लागली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तीही त्या माराचीच खूण असू शकते. घरच्यांनी ती ओळखावी आणि डॉक्टरांना सांगावी. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

हेमिंग्वेच्या काही अपघातांनंतर किती टाके पडले, याची नोंद मिळते. प्रत्येक माराच्या मागोमाग मेंदूला किती दिवस उसंत मिळाली, हे मात्र त्याच्या काळी कुणी मोजत नव्हते. आज ते मोजता येते. टाके आठ-दहा दिवसांत निघतात. मेंदूला त्याहून थोडे जास्त दिवस लागतात आणि तेवढे ते द्यावेत.